कमरेच्या कशापासून कार्डापर्यंत : हाजीच्या पैशाची कहाणी

पुरुषाच्या इहरामला खिसा नसतो. न शिवलेल्या दोन चादरी, एक कमरेला आणि एक खांद्यावर. बादशहा असो की बंदरावरचा हमाल, दोघांचा वेष एकच. परंतु या वेषातल्या माणसालाही वाटेत उंटाचे भाडे द्यावे लागे, पाणी विकत घ्यावे लागे, मुअल्लिमचा हिशेब चुकवावा लागे, कुर्बानीचा बकरा घ्यावा लागे आणि शेवटी घरी परतण्यासाठी गलबतही गाठावे लागे. मग त्याने पैसे ठेवायचे तरी कुठे?

हा प्रश्न आजचा नाही. फिकहच्या जुन्या ग्रंथांत त्याची चर्चा आहे. पैशाची जी लांबट पिशवी कमरेला बांधतात तिला अरबी-फारसीत ‘हिमयान’ म्हणतात. आपल्याकडे तिला ‘कसा’ म्हणत. इहराममध्ये शिवलेली वस्तू अंगावर चालत नाही, मग हा कसा चालेल काय? हजरत आयेशा (रजि.) यांनी त्याला परवानगी दिल्याचे परंपरेत नमूद आहे आणि बहुतेक फकिहांनी तेच मान्य केले. कारण साधे होते. परक्या मुलखात पैसा गेला तर माणसाची इबादतही अडचणीत येते. कुरआन शरीफने हज फर्ज केला तोच मुळी ज्याला वाट परवडते त्याच्यावर, आणि वाटेची शिदोरी बरोबर घ्या असेही बजावले. उधारी-उसनवारी करून किंवा दुसऱ्यापुढे हात पसरत हज करावा, असा धर्माचा आग्रह कधीच नव्हता.

आपल्याकडे हजच्या इतिहासात बादशहांच्या काफिल्यांविषयी, जहाजांविषयी, अनुदानाच्या राजकारणाविषयी पुष्कळ लिहिले गेले. पण सामान्य हाजी पैसे कोणत्या रूपात घेऊन जात होता, ते रूप कोण ठरवत होते आणि त्यात त्याचे नफा-नुकसान काय होत होते, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. खरे म्हणजे परदेशात खर्चासाठी पैसा कसा न्यावा हा प्रश्न शेवटी एकाच जागी येऊन थांबतो : आपण विश्वास कशावर ठेवायचा? धातूच्या वजनावर, एखाद्या माणसाच्या शब्दावर, की सरकारच्या कागदावर? हाजीने हे तिन्ही करून पाहिले आहे.

सराफाची चिठ्ठी

इसवी सनाच्या अकराव्या शतकातला फारसी कवी आणि प्रवासी नासिर खुसरो याने आपल्या ‘सफरनामा’त दोन प्रसंग नोंदवले आहेत. ते शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत.

१०५० साली हजला जाण्यासाठी तो तांबड्या समुद्राच्या आफ्रिकेकडील काठावर ऐजाब या बंदरात अडकून पडला. वारा नव्हता, जहाज नव्हते आणि तीन महिन्यांत जवळचा पैसा संपला. त्याच्याजवळ अस्वानच्या एका मित्राचे पत्र होते. ऐजाबमधल्या आपल्या गुमास्त्याला या मित्राने लिहिले होते की, नासिर जे मागेल ते द्यावे आणि पावती घ्यावी, हिशेब मी पाहीन. गुमास्त्याने एका शब्दाने शंका न घेता हवे ते देऊ केले. नासिरने शंभर मण पीठ घेतले आणि पावती लिहून दिली. (हा मण अर्थात त्या मुलखातला, आपल्या मणाहून बराच लहान.) आपण त्या मित्रावर पूर्वी काही उपकार केलेले नसताना त्याने एवढा भरवसा टाकावा, याचे त्याला नवल वाटले.

दुसरा प्रसंग पुढच्याच वर्षीचा, बसऱ्याचा. तिथे पोहोचेपर्यंत नासिर आणि त्याचा भाऊ इतके फाटके झाले होते की हमामखान्याच्या माणसाने त्यांना आत घेतले नाही. आणि ज्या शहरात हा कफल्लक माणूस दाराबाहेर उभा होता, त्याच शहराचा बाजार बिनरोकडीचा होता! व्यापारी आपला पैसा सराफाकडे जमा करी, सराफाकडून लेखी चिठ्ठी घेई, आणि शहरात असेपर्यंत सारी खरेदी या चिठ्ठ्यांवरच करी. म्हणजे कागदाने खरेदी करण्याची सोय हजार वर्षांपूर्वी होती. पण ज्याला ओळखणारे कोणी नाही त्याच्यासाठी ती नव्हती.

एका शहरात पैसे भरायचे आणि दुसऱ्या शहरात चिठ्ठी दाखवून ते घ्यायचे, या व्यवहाराला ‘सुफ्तजा’ म्हणत. फकिहांनी त्यावर बराच खल केला. आक्षेप असा की, पैसे देणारा एक प्रकारे कर्ज देतो आणि त्याच्या बदल्यात वाटेतला धोका टळण्याचा फायदा मिळवतो. कर्जावर फायदा म्हणजे रिबाचा वास. म्हणून हनफी फकिहांनी अट घालून केलेला सुफ्तजा नापसंत ठरवला, शाफईंनीही तो नाकारला. हंबली पंथातल्या इब्ने तैमियांसारख्यांनी मात्र यात दोघांचाही लाभ आहे आणि कोणाचेही नुकसान नाही, असे म्हणून तो मान्य केला. व्यवहारात व्यापारी आणि प्रवासी सुफ्तजा वापरतच राहिले. वाटमारीचे भय फतव्याने कमी होत नव्हते.

आपल्या मुलखात हेच काम हुंडी करीत होती. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे, मुदती हुंडी असेल तर मुदत भरल्यावर. द्वारकेच्या यात्रेकरूंनी वाटेत लुटले जाऊ नये म्हणून जुनागढच्या नरसी मेहतांना सातशे रुपये देऊन हुंडी लिहून घेतल्याची कथा महाराष्ट्रातही घरोघरी माहीत आहे. द्वारकेचा यात्रेकरू आणि मक्केचा हाजी, दोघांची चिंता एकच होती. फरक एवढाच की हुंडी तिथेच चालते जिथे ती लिहिणाऱ्याची पेढी किंवा आडत्या असतो. खेड्यातल्या हाजीला जेद्दाहचा आडत्या कोण मिळवून देणार? त्याच्यासाठी उरला तो कसा आणि त्यातली चांदी.

चांदीचे ओझे

चांदीचे वजन केवढे असे याचा हिशेब करून पाहावा. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया सुमारे ११.६६ ग्रॅमचा. हजार रुपये न्यायचे तर साडेअकरा किलोहून अधिक चांदी अंगावर किंवा पेटीत. तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर सर्वांत विश्वासाचे नाणे म्हणजे ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा थेलर. त्याचे वजन २८ ग्रॅमहून थोडे जास्त. पाचशे थेलर म्हणजे चौदा किलो. ही राणी १७८० साली वारली. पण अरबस्तान आणि हबशाणातल्या लोकांना तिच्याच चेहऱ्याच्या नाण्याची इतकी सवय झाली होती की पुढेही ते १७८० हेच साल घालून पाडले जात राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या मुंबईच्या टांकसाळीनेही ही नाणी पाडली. हयात नसलेल्या ख्रिस्ती राणीचे नाणे अरबस्तानच्या बाजारात खणखणत होते, कारण त्यातल्या चांदीबद्दल कोणालाही शंका नव्हती. धातूवरचा विश्वास तो हा.

पण चांदी लपत नाही. ती चोरालाही तितकीच विश्वासाची वाटते. १६९५ च्या सप्टेंबरात हजहून सुरतेकडे परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. इतिहासकार खाफी खान लिहितो की, जहाजावर बावन्न लाख रुपयांचे सोने-चांदी होते आणि ते मोखा व जेद्दाहला विकलेल्या हिंदुस्थानी मालाचे उत्पन्न होते. यातून एक गोष्ट उघड होते. जाताना रोकड नेण्याऐवजी कापडासारखा माल न्यायचा, तिकडे विकायचा आणि त्या पैशात भागवायचे, हाही एक मार्ग होता. हजच्या दिवसांत व्यापार करण्यास धर्माची मनाई नाही. पण परतताना त्या मालाची चांदी होई आणि धोका पुन्हा डोक्यावर बसे. त्या जहाजावरच्या यात्रेकरूंवर, विशेषतः स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांनी सारा मुलूख हादरला आणि बादशहाने सुरतेच्या इंग्रज व्यापाऱ्यांना कैदेत टाकले.

कोकणात याच भयाची एक आठवण दगडात उभी आहे. दाभोळच्या खाडीकाठी आदिलशाही काळातली देखणी मशीद आहे. स्थानिक कथा अशी सांगतात की, विजापूरच्या राजघराण्यातील आयेशा बीबी मक्केला जाण्यासाठी मोठा लवाजमा आणि लाखो रुपये घेऊन दाभोळला आली. परंतु समुद्रावर चाच्यांचे भय होते, पुढे जाता येईना. तेव्हा काजी-मौलवींच्या सल्ल्याने तिने तो पैसा या मशिदीच्या बांधकामात खर्च केला. कथेत इतिहास किती हे बाजूला ठेवू. पण पैसा सुरक्षित नेता येत नाही म्हणून हज राहिला, हे कोकणच्या लोकांना पटण्यासारखे होते, म्हणूनच ती कथा टिकली.

परतीचे तिकीट

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि मुंबई हे हिंदुस्थानातल्या हाजींचे मोठे बंदर झाले. पुढे ‘मोगल लाइन’ या नावाने ओळखली गेलेली कंपनी १८७७ साली इथेच निघाली. भाडे कमी झाले, तसे गरीब हाजीही मोठ्या संख्येने निघू लागले. जाण्यापुरते पैसे असले की माणूस निघे. येण्याचे अल्लाह पाहील, ही भावना. जेद्दाहला उतरल्यावर रुपयाचे स्थानिक नाणे करून घेताना सराफाचा बट्टा जाई. तुर्की मजीदी, थेलर, सोन्याची गिनी, हिंदी रुपया अशी अनेक नाणी एकाच बाजारात आणि नवख्या माणसाला भाव ठाऊक नाही. हज संपेपर्यंत कसा रिकामा. मग जेद्दाहच्या रस्त्यांवर शेकडो हिंदी हाजी बोटीची वाट पाहत, मागून खात दिवस काढीत. ब्रिटिश वकिलातीच्या कागदपत्रांत त्यांचा उल्लेख सतत ‘निर्धन यात्रेकरू’ असा येतो.

सरकारने १८८६ साली टॉमस कुक कंपनीला हाजींच्या प्रवासाचे एजंट नेमून पाहिले. काही वर्षांतच तो प्रयोग संपला. परतीचे तिकीट सक्तीचे करावे काय, यावर कित्येक वर्षे वाद चालला. अशी सक्ती म्हणजे धर्मात हस्तक्षेप वाटेल म्हणून सरकार कचरत होते, आणि मुसलमानांतही मतभेद होते. ज्याला मक्केतच देह ठेवायचा आहे त्याला परतीचे तिकीट कशाला, असे विचारणारे होते. आणि भीक मागणारा हाजी ही साऱ्या कौमची नामुष्की आहे, असे म्हणणारेही होते. अखेर १९२५ च्या कायद्याने परतीचे तिकीट किंवा तेवढी रक्कम आधी जमा करणे आवश्यक झाले. परदेशातला खर्च निघण्यापूर्वीच मायदेशात भरून टाकण्याची ही पद्धत तेव्हा जुलमाची वाटली असेल. पण तिच्यामुळे निदान घरी परतण्याची हमी कमरेच्या कशावर अवलंबून राहिली नाही.

रियाल आणि पावती

तिकडे हिजाजमध्ये सत्ता बदलली. इब्ने सऊद यांनी १९२८ साली चांदीचा रियाल काढला आणि १९३५ साली त्याचे वजन कमी करून तो जवळजवळ हिंदी रुपयाएवढा केला, चांदीचा कसही तसाच. हाजी आणि व्यापारी यांच्यामार्फत रुपया त्या किनाऱ्यावर किती मुरला होता, हे यावरून कळते.

ओझ्याचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. १९५२ साली सौदी अरेबियात मध्यवर्ती चलन संस्था स्थापन झाली. कागदी चलन काढण्याची तिला मनाई होती, कारण लोकांचा भरवसा चांदीवर. म्हणून १९५३ साली तिने एक युक्ती केली. हाजींसाठी दहा रियालच्या ‘पावत्या’ काढल्या. नोट नव्हे, पावती! तिजोरीत तेवढी चांदी जमा आहे आणि मागाल तेव्हा मिळेल, असा त्यांचा अर्थ. अरबीखेरीज उर्दू, फारसी, तुर्की, मलय अशा हाजींच्या भाषांतही मजकूर छापलेला. हज संपल्यावर हाजी गेले, पण पावत्या परत आल्या नाहीत. स्थानिक व्यापाऱ्यांनीच त्या ठेवून घेतल्या, कारण चांदीच्या पोत्यांपेक्षा कागद बरा. पुढे पाच आणि एक रियालच्याही पावत्या निघाल्या आणि १९६१ मध्ये देशाच्या रीतसर नोटा आल्या. कागदी पैशावर त्या देशाचा विश्वास बसला तो हाजींच्या सोयीतून, असे म्हटले तर चूक होणार नाही. बसऱ्याच्या सराफाची चिठ्ठी नऊशे वर्षांनी सरकारी शिक्का घेऊन परत आली होती.

१९५९ : रंगीत नोटांचे वर्ष

आता आपल्या देशाकडे येऊ. स्वातंत्र्यानंतरही आखाती देशांत भारतीय रुपया सर्रास चालत होता. कुवेत, बहारीन, कतार, दुबई या भागांचे ते नित्याचे चलन होते. पण यातून एक भोक पडले. आखातातून सोने चोरून भारतात यायचे, त्याच्या मोबदल्यात रुपयाच्या नोटा तिकडे जायच्या, आणि तिथल्या बँका त्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे पाठवून बदल्यात पौंड घ्यायच्या. देशाची परकीय गंगाजळी अशी झिरपत होती.

त्यावर उपाय म्हणून १९५९ साली कायद्यात दुरुस्ती करून परदेशासाठी वेगळ्या नोटा काढण्यात आल्या. आखातासाठी वेगळ्या आणि हाजींसाठी वेगळ्या. हज नोटा फक्त दहा आणि शंभर रुपयांच्या होत्या. दहाची निळी, शंभरची लाल. क्रमांकाआधी ‘एचए’ ही अक्षरे आणि नोटेवर ‘हज’ असा ठळक शब्द. भारतातल्या बाजारात ही नोट चालत नसे. पाकिस्ताननेही आपल्या नोटांवर हजयात्रेकरूंसाठी असा छाप मारून तशीच व्यवस्था केली होती.

या नोटांकडे दोन नजरांनी पाहता येते. हाजीची सोय झाली हे खरे. त्याला ओळखीचा रुपया, ओळखीचे अशोकस्तंभाचे चिन्ह घेऊन जाता आले. रिझर्व्ह बँकेची सही होती, म्हणजे सराफाच्या दाराशी शंका घेतली जाणार नव्हती. पण त्याच वेळी हाजीने किती पैसा न्यायचा, कोणत्या रंगाचा न्यायचा आणि तो कुठे खर्च करायचा, हेही ठरून गेले. सोन्याची तस्करी करणारे वेगळेच होते. त्यांच्यामुळे कागद बदलला तो आयुष्यभर पैपै जमवणाऱ्या माणसाचा. आज या नोटा नाणी-नोटांच्या संग्राहकांकडे मोठ्या किमतीला विकल्या जातात. ज्यांच्यासाठी छापल्या त्यांच्या घरी त्या सहसा नसतातच, कारण हाजीने त्या खर्च करून टाकल्या.

मग आला ६ जून १९६६ चा दिवस. रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत होते ते साडेसात झाले. तेव्हा डॉलरला साडेचार रियाल हा अधिकृत दर होता. म्हणजे सुमारे १ रुपया ६ पैशांचा रियाल एका रात्रीत सुमारे १ रुपया ६७ पैशांचा झाला. हजार रियालचा खर्च गृहीत धरून ज्याने साडेदहाशे रुपये बाजूला टाकले होते, त्याला आता साडेसोळाशेहून अधिक लागणार होते. कुवेत आणि बहारीनने आपली चलने आधीच काढली होती. कतार आणि दुबईनेही त्या वर्षी रुपया सोडला, ओमानने १९७० मध्ये. हज नोटांचीही गरज पुढे संपली. सरकारच्या कागदावरचा विश्वास हा त्या सरकारच्या तिजोरीवरचा विश्वास असतो, हे हाजीने तेव्हा अनुभवले.

योगायोग असा की, याच १९५९ साली मलायातले अर्थतज्ज्ञ उंगकू अझीझ यांनी एक टिपण मांडले. तिथले शेतकरी जमीन-गुरे विकून आणि घरात दडवलेला पैसा घेऊन हजला जात आणि परतल्यावर कंगाल होत. व्याजाच्या भीतीने ते बँकेत पैसा ठेवत नसत. तेव्हा व्याजाशिवाय बचत करण्यासाठी स्वतंत्र संस्था असावी, असे त्यांनी सुचवले. १९६३ साली ती उभी राहिली. आज ‘ताबुंग हाजी’ म्हणून ती जगभर ओळखली जाते. आपल्याकडे १९५९ सालीच हज कमिटीचा कायदा झाला होता. त्याने प्रवासाची व्यवस्था लावली, पण बचतीचा प्रश्न ज्याच्या त्याच्या गाडग्या-मडक्यावर सोडला. रंगीत नोट छापणे आणि गरिबाला ती नोट मिळवण्याइतकी बचत करता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आजचा हाजी

मुंबईहून समुद्रमार्गे हज १९९५ पासून बंद झाला. विमानाच्या काळात कित्येक वर्षे हज कमिटी प्रत्येक हाजीला निघताना २१०० रियाल रोख देत असे. ते पैसे त्याच्याच भरलेल्या रकमेतले. पण चांगल्या-वाईट भावाची, खऱ्या-खोट्या नोटेची चिंता त्याला करावी लागत नसे. २०२३ पासून ही पद्धत बदलली. ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे परकीय चलन घ्यावे असे ठरले, आणि त्या वर्षी स्टेट बँकेने रोख रियाल व कार्ड या दोहोंची सोय केली. निवड आता हाजीच्या हाती आली.

निवड हाती आली की जाणही हवी. रोख रियाल सर्वत्र चालतात, पण तवाफच्या गर्दीत कशाचे भय आजही तेच आहे. आधी रियाल भरून घेतलेले प्रीपेड कार्ड हे सुफ्तजाचेच आजचे रूप : पैसे इथे भरले, तिकडे घेतले, भाव भरण्याच्या दिवशी ठरला. भारतातले साधे बँक कार्ड तिकडे वापरले तर अनेक बँका प्रत्येक खरेदीवर दोन ते साडेतीन टक्के जादा घेतात. जुन्या सराफाचा बट्टाच तो, फक्त डोळ्यांना दिसत नाही. मक्केतल्या दुकानात यंत्राने रुपयांत पैसे देणार की रियालमध्ये असे विचारले, तर ओळखीचा रुपया पाहून बरे वाटते; पण त्यात भाव दुकानाच्या बाजूचा लागतो, म्हणून रियालच निवडलेले बरे. क्रेडिट कार्डावर रोख काढली की बहुधा त्याच दिवसापासून व्याज सुरू होते. ज्या प्रवासासाठी माणूस आधी सगळी कर्जे फेडून निघतो, त्यात हे नकळत अंगावर यावे काय, याचा विचार प्रत्येकाने करावा.

कुर्बानीचेही असेच. इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेच्या सहभागाने १९८३ पासून कुपन घेऊन कुर्बानी करण्याची सोय आहे. आपण पैसे देतो, जनावर डोळ्यांनी पाहत नाही, मांस दूरदेशीच्या गरिबांपर्यंत जाते. कुपन हाती आल्यावर काही वृद्ध हाजींच्या मनात खळखळ होते. ती खळखळ हसण्यावारी नेऊ नये. ती हजार वर्षांची आहे. कागद घेऊन त्यावर सारे सोपवायचे, हे माणसाला कधीच सोपे गेले नाही.

या सगळ्या इतिहासात एक शब्द पुन्हा पुन्हा समोर येतो : अमानत. अस्वानच्या मित्राचे पत्र, नरसी मेहतांची हुंडी, जेद्दाहची पावती, रिझर्व्ह बँकेची लाल-निळी नोट आणि आजचे कार्ड ही सर्व अमानतीचीच रूपे. ती सांभाळली गेली तेव्हा गरिबातला गरीब माणूस ताठ मानेने काबागृहासमोर उभा राहिला. जिथे ती तुटली तिथे तो जेद्दाहच्या रस्त्यावर बसला. म्हणून आपल्या मोहल्ल्यातली म्हातारी आजी हजला निघते तेव्हा तिच्या सामानात खजुराचा डबा आणि तस्बीह ठेवणाऱ्या नातवाने आणखी एक काम करावे. तिचा पैसा कोणत्या रूपात आहे, तो कुठे मिळेल, हरवला तर कोणाला फोन करायचा, हे तिच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून द्यावे. नासिर खुसरोच्या मित्राने याहून फार वेगळे काही केले नव्हते.